टॉलबरीच्या गडावर जड होणारी दुखणी

"एकशे चाळीस!" टेड गिलियम ओरडला. "खाली एकशे चाळीस ग्रॅम भरलं होतं, आता एकशे साठ! बघा, डोळ्यांनी बघा!"

टॉलबरीच्या गडाच्या पश्चिम दारात पस्तीस माणसं एका मासे तोलायच्या ताणकाट्याभोवती दाटीवाटीने उभी होती. काट्याच्या आकड्याला लिननची एक शिवलेली पिशवी लोंबकळत होती, आणि तिच्यात म्हणे टेडच्या गुडघ्याचं दुखणं होतं. वीस ग्रॅम दुखणं. मेंढ्यांच्या मागे पन्नास वर्षं धावून झिजलेले टेडचे गुडघे, आणि त्यांच्यातली वेदना निघाली ती वीस ग्रॅमची! पण लोक टाळ्या वाजवत होते. पोस्टातली आयरिस टज तर रडत होती.

काटा धरून मधोमध उभा होता तो सायलस वेन. उंच, पांढरी दाढी, गुडघ्यापर्यंतचा लोकरी झगा, पायात मात्र महागातले बूट. वसंतात तो आमच्या टॉलफर्ड गावात राहायला आला आणि उन्हाळा संपायच्या आत त्याने माझी रविवारची फेरी पळवली.

हो, माझी. मी ग्वेंडा प्रॉसर. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि एकोणीस वर्षं दर रविवारी गावाला गडाची फेरी घडवली. चॅपलच्या वाहनतळावरून निघायचं, जुन्या मेंढवाटेने पूर्वेच्या दाराने गडावर, तटाला वळसा, आणि पश्चिमेच्या तीनशे बारा पायऱ्या उतरून थेट 'रॅम' पबच्या दारात. दोन वाजता स्वयंपाकघर बंद व्हायच्या आत बीफ रोस्टची ताटं समोर आलीच पाहिजेत, हा माझा शिरस्ता. तिथून ओढ्याकाठाने दहा मिनिटांत पुन्हा वाहनतळ. पाऊस असो, बर्फ असो, एकही रविवार चुकला नाही. कधी बारा माणसं असायची, कधी आठ. वेनच्या पहिल्याच महिन्यात त्याच्यामागे पस्तीस झाली आणि माझ्यामागे एक कुत्रं उरलं. तेही आयरिसचं, आणि तेसुद्धा पुढच्या रविवारी गेलं.

माझ्या पोटात काय दुखत होतं ते वीस ग्रॅमांत मावलं नसतं.

त्या दिवशी मी तिथे कशी होते, हेही सांगून टाकते. मी लपले होते. तटाच्या मातीच्या बांधाआड, काटेरी झुडपात, डोक्याला रुमाल बांधून, चौसष्टाव्या वर्षी. त्यांच्या मागे शंभर पावलांचं अंतर ठेवून तीनशे बारा पायऱ्या चढून आले होते. कारण एवढंच, की तो असं काय करतो जे मला जमलं नाही, ते मला बघायचं होतं.

तर त्याचा खेळ असा. खाली निघताना प्रत्येकाच्या हातात एक शिवलेली पिशवी. "आत गडाचे दगड आहेत," वेन सांगायचा. "अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यांनी हे तट रचले, त्यांच्या चुलीत भाजलेले दगड. भुकेले आहेत ते. कशाचे भुकेले? तुमच्या दुःखाचे!" मग पिशवीचं वजन. मग सूर्याच्या गतीने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, पायऱ्यांच्या बाजूने वर. हातात हेझलच्या फांदीची काठी. दाराजवळच्या झऱ्यात पिशव्या बुडवून दहा मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून घुमायचं: "ऊऽऽम." मग वेन एकेक पिशवी काढायचा, फडक्याने पुसायचा, हाताने दाबून कोरडी करायचा आणि काट्याला लावायचा.

"डोरीन बेडोज!" त्याने हाक मारली. "एकशे पासष्ट! अहो, केवढं सोसलंत तुम्ही!"

डोरीन माझी मैत्रीण. शाळेत शेजारच्या वर्गात गणित शिकवायची. माझ्या फेरीत शेवटच्या माणसाला सांभाळत मागून चालायची, एकोणीस वर्षं. तीसुद्धा त्या काट्यासमोर तोंडभर हसत उभी होती, आणि मला त्या हसण्याचा राग आला. माझ्या फेरीत ती अशी कधी हसली नव्हती.

पण चढताना मी आणखी एक बघितलं होतं. दोनशेव्या पायरीच्या आसपास डोरीन मटकन खाली बसली होती, आणि मी खालच्या वळणाआड, ऐकू येईल इतक्या जवळ पोहोचले होते. चेहरा पिठासारखा. एक हात जबड्यावर, दुसरा डाव्या दंडावर.

"हे इथे आवळतंय," ती म्हणाली होती. "मागच्या रविवारीपण असंच झालं."

"उत्तम!" वेन म्हणाला होता. "जुनं दुखणं निघताना शेवटची धडक मारतं. घाबरू नका. आणखी तीन रविवार, मग बघा."

पाच मिनिटं बसल्यावर ते आवळणं गेलं आणि ती उठून चालायला लागली. लोकांना तोही चमत्कारच वाटला.

सोमवारी सकाळीच मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. चहा ओतायच्या आत विषय काढला.

"डोरीन, डॉक्टरकडे जा. जबडा, दंड, चढताना होतं, बसलं की थांबतं. हे हृदयाचं आहे."

किटली हातात धरून ती वळली. "तुला कसं कळलं पायरीवर काय झालं ते?"

मी साखरेचं भांडं पुढे ओढलं.

"ग्वेंडा! तू झुडपातून बघत होतीस?"

"ते महत्त्वाचं नाही."

"अगं बाई! आयरिस म्हणत होती, तटामागे कोणीतरी शिंकलं म्हणून. मी म्हटलं, मेंढी असेल." ती हसत सुटली, मग एकदम थांबली. "जळतेस तू त्याच्यावर."

"जळते! जळतेच! पण म्हणून तुझं हृदय बरं होतं का?"

"माझे गुडघे बरे झालेत," तिने किटली आपटली. "एकोणीस वर्षं सोमवारी मी कठडा धरून जिना उतरायचे. आज धावत उतरले. टेडचे बरे झाले, आयरिसचे झाले. हे खोटं आहे का? तो गुडघ्याचं खरं बोलला, मग छातीचं खोटं कशाला बोलेल? आणि तू ज्या माणसावर जळतेस त्याच्याविरुद्ध तुझी साक्ष मी का धरू?"

गणिताची शिक्षिका ती. तिचा हिशेब पक्का होता. मी चहा न पिता उठले.

आणि घरी जाताना, रस्त्यावरून माझ्या दाराकडे खाली जाणाऱ्या चार पायऱ्या उतरताना, माझे पाय थबकले.

दर रविवारी रात्री मी गोठवलेल्या वाटाण्याची पिशवी गुडघ्यावर बांधून झोपते. ही गोष्ट मी कोणाला कधी सांगितली नव्हती, कारण वाट दाखवणाऱ्याचेच गुडघे दुखतात म्हटल्यावर मागे कोण येणार? पण काल रात्री वाटाणे फ्रीजमध्येच राहिले होते. आठवणच झाली नाही. माझे गुडघे दुखत नव्हते!

सांगते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दाढीवाल्याने मलाही बरं केलं होतं, तेही न विचारता.

मी दारातच बसून विचार केला. माझ्याकडे पिशवी नव्हती. काठी नव्हती. मी 'ऊऽऽम' केलं नव्हतं, उलट त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. भक्ती शून्य, जळफळाट पूर्ण. तरी गुडघे ठीक. म्हणजे दगड, झरा, घुमणं, यातलं काहीही कारण नाही. मग मी काय वेगळं केलं? एकच. मी त्यांच्यामागे फेरी उलटी चालले होते. पायऱ्यांनी वर, मेंढवाटेने खाली.

कपाटातून नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. पश्चिमेला समोच्च रेषा एकीवर एक चढलेल्या, नखही मावणार नाही इतक्या जवळ. पूर्वेला मेंढवाटेवर त्या ऐसपैस सुटलेल्या. पहिल्या वर्षापासून मी पोरांकडून घोकून घेतलं: रेषा जवळ म्हणजे उभा कडा, लांब म्हणजे मंद उतार. आणि गुडघ्याला मारतो तो चढ नव्हे, उतार. उभ्या पायऱ्या उतरताना प्रत्येक पावलाला अख्ख्या देहाचा भार धपकन गुडघ्यावर येतो. हे मेंढ्या राखणाऱ्यालाही ठाऊक असतं. मी मात्र एकोणीस वर्षं गावातल्या म्हाताऱ्या गुडघ्यांना तीनशे बारा पायऱ्या उतरवत होते, का, तर रोस्ट गार होऊ नये म्हणून.

वेनच्या काठीने थोडा भार हलका होत असेल. बाकीचं सगळं काम उताराचं. त्याला ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पण उलट्या फेरीने गुडघ्यांचं भलं केलं आणि हृदयाला मात्र सगळ्यात उभा चढ दिला. माझ्या वाटेने डोरीन हळूहळू चढायची, तेव्हा छातीतलं दुखणं झाकून राहिलं होतं. आता ते दर रविवारी बोलून सांगत होतं, आणि तो त्याला बरं होण्याची खूण म्हणत होता.

तेव्हाच जाऊन सगळं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. का, ते पुढे येईलच.

पिशवीचं कोडं राहिलं होतं. तेही बुधवारी सुटलं. आयरिस आपली पिशवी उशाखाली घेऊन झोपायची. 'जरा बघू दे' म्हणून मी ती मागून घेतली आणि शिवण उसवली. आतून निघाले लाल मातीच्या कुंडीचे तुकडे. एका तुकड्याला तर कुंडीच्या तळाचं पाणी जायचं भोकही अर्धं शाबूत होतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गडकऱ्यांनी जिरेनियम लावले होते की काय! भाजलेली माती पाणी पिते, हे कुंडीला पाणी घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आयरिसने तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट फिरवला. "कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "मला फार मूर्ख वाटेल."

"रविवारी सगळ्यांना मिळून वाटेल," मी म्हटलं.

रविवारी दहा वाजता वेन आपला जथा घेऊन पायऱ्यांच्या पायथ्याशी आला, तेव्हा पहिल्या पायरीवर मी बसले होते. शेजारी ओढ्याच्या पाण्याने भरलेली बादली.

"प्रॉसर मॅडम," वेन गोड हसला, "आज झुडपात नाही?"

सगळे खो खो हसले. डोरीनसुद्धा. माझे कान तापले, पण मी जागची हलले नाही.

"टेड, काटा धर," मी म्हटलं. मी शिवून आणलेल्या दोन पिशव्या काढल्या. "ही पहिली. वजन?"

टेडची मुलं माझ्या वर्गात होती, म्हणून तो साठीतही मला 'बाई' म्हणतो. "एकशे चाळीस, बाई."

"ही दुसरी?"

"एकशे चाळीस."

"दोन्ही काल रात्री माझ्या हरितगृहात होत्या. कोणाचंही दुखणं यांनी बघितलेलं नाही." मी दोन्ही बादलीत सोडल्या. "दहा मिनिटं. घुमायचं असेल त्यांनी घुमा, मी चहा घेते."

थर्मास उघडला. लोक चुळबुळले. कोणी बिस्किटं काढली. चारपाच जणांनी सवयीने 'ऊऽऽम' सुरू केलं आणि एकमेकांकडे बघून थांबवलं. वेन म्हणाला, "निघू या, सूर्य थांबत नाही." पण टेड घड्याळ धरून उभा होता. मेंढीबाजारात आयुष्य गेलेला माणूस वजनकाट्यापासून हलत नाही.

दहा मिनिटांनी मी पहिली पिशवी काढली, वेनसारखीच पुसली, दाबली.

"एकशे बासष्ट!" टेडचा आवाज चिरकला.

"कोणाचं दुखणं हे, टेड? टोमॅटोंचं?"

पण वेन कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने हात छातीवर ठेवला आणि करुणेने मान हलवली. "मॅडम, ही पिशवी तुमच्या हातात होती. तिने तुमचं दुखणं घेतलं. तुमचा मत्सर." पुन्हा हशा, मघापेक्षा मोठा. खोटं कसं म्हणू? मत्सर होताच, आणि बावीस ग्रॅमपेक्षा पुष्कळ जास्त.

"बरं," मी म्हटलं. "दुसरीसुद्धा माझ्याच हातात होती. टेड, लाव."

"एकशे त्रेचाळीस."

"तीन ग्रॅम ओल्या कापडाचे. मग माझा मत्सर हिच्यात का शिरला नाही?" मी कात्रीने दोन्ही पिशव्या उसवल्या. "कारण हिच्यात ओढ्यातले गुळगुळीत गोटे आहेत. ते पाणी पीत नाहीत. आणि पहिलीत फुटकी कुंडी आहे, ती पिते. आता तुमच्या पिशव्या उसवा."

कोणी हलेना. मग आयरिस पुढे आली आणि भोकाचा तो तुकडा वर धरला. त्यानंतर कात्री हातोहात फिरली. एकेका पिशवीतून लाल खापऱ्या गवतावर पडल्या. वेन 'प्रतीकं', 'लहरी', 'श्रद्धेचं वाहन' असं बरंच काही बोलत होता, पण टेडने त्याच्या हातात त्याचा काटा परत ठेवला आणि म्हणाला, "आमच्याकडे काट्यात खोट करणाऱ्याला बाजारात उभं करत नाहीत."

मी जिंकले होते. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला इतकं बरं वाटत होतं की तिथेच थांबावं. 'चला, आपल्या नेहमीच्या वाटेने,' एवढंच म्हणायचं होतं. निम्मे तरी निघाले असते.

"पण आमचे गुडघे?" डोरीन म्हणाली.

ती तशीच उभी होती, हातात न उसवलेली पिशवी. "खापऱ्या तर खापऱ्या. माझे गुडघे खरोखर बरे आहेत, ग्वेंडा. टेडचेही. त्याचं उत्तर दे. नाहीतर मी याच्याबरोबर वर जाते."

"बघा!" वेन टवटवीत झाला. "फळ दिसतंय, मग झाडाची चौकशी कशाला?" आणि त्याने तिच्यासाठी हात पुढे केला.

तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"काय तुझ्यामुळे?"

"गुडघे माझ्यामुळे दुखत होते." मी खिशातून नकाशा काढला. रेषा दाखवल्या. पायऱ्या उतरताना काय होतं ते सांगितलं. वाटाण्याच्या पिशवीचं सांगितलं, आणि झुडपातून आले त्या रात्री ती लागली नाही हेही. "याने तुम्हाला बरं केलं नाही. याने फक्त फेरी उलटी फिरवली. उतार सोपा झाला म्हणून गुडघे थांबले. आणि चढ अवघड झाला म्हणून तुझी छाती आवळते, डोरीन. बसलीस की थांबते. ते दुखणं बाहेर पडत नाहीये. ते आत आहे आणि वाढतंय."

टेड आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

"एकोणीस वर्षं," डोरीन हळूच म्हणाली. "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"सोमवारपासून."

"आणि आज रविवार. सहा दिवस तू गप्प बसलीस?"

"हो."

"का?"

"कारण हे सांगितलं असतं तर तो जिंकला असता," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं.

डोरीनने पायरीवरून पाय मागे घेतला आणि पिशवी बादलीत टाकली. "टेड, गाडी कुठे आहे तुझी? मला इस्पितळात ने." आणि माझ्याकडे वळून, "तू पण ये. तुला काय वाटलं, मी तुला इथे चहा प्यायला सोडेन?"

वेन तीन माणसांना घेऊन पायऱ्या चढून गेला. तीनजण तरी गेलेच, ते लपवत नाही. पुढच्या आठवड्यात त्याचं घर रिकामं होतं.

डोरीनच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद झाल्या होत्या. "हे पायरीवर आवळणं कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पाच रविवार, ती म्हणाली. "पाचांतल्या पहिल्याच रविवारी यायला हवं होतं. सहाव्यांदा चढला असतात तर उतरायला मिळालंच असतं असं नाही." हे ऐकताना मी तिच्या खाटेशेजारी होते. पाचांतला शेवटचा आठवडा माझ्या खात्यात होता, हे डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हतं. डोरीनला होतं. तिने माझा हात धरला होता आणि तो सोडला नाही. त्याबद्दल ती आजवर एक शब्दही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता माझी विनंती. कोणी चमत्कार दाखवला, तर भारावण्याआधी तीन साध्या गोष्टी करा. जिच्यामुळे झालं म्हणतात ती वस्तू काढून घ्या आणि बघा, तरीही तसंच होतं का. तिच्या जागी दुसरी ठेवा आणि बघा. आणि बरं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, पण कशामुळे वाटतं ते शोधल्याशिवाय कोणाच्या पाया पडू नका, आणि डॉक्टरांची भेट तर मुळीच टाळू नका. एक गोष्ट खरी निघाली म्हणून त्याच तोंडातली दुसरी खरी धरू नका. हे वेनसारख्यांना जसं लागू आहे तसं आपल्या जुन्या, भरवशाच्या, दर रविवारी वाट दाखवणाऱ्या माणसालाही लागू आहे. माझी वाट एकोणीस वर्षांत कोणी तपासली नाही, मीसुद्धा नाही.

मी वेनला पकडलं ते मत्सरापोटी. माझा मत्सर त्या दिवशी खऱ्याच्या बाजूला पडला, हा निव्वळ योगायोग. तुम्ही कोणावर जळेपर्यंत थांबू नका. प्रश्न पहिल्या दिवशीच विचारा, आणि उत्तर मिळालं की ते त्याच दिवशी सांगा, त्यात तुमचं नाक कापलं गेलं तरी.